डोस्क्यात का पायात

"डोस्क्यात हाय का पायात?"

गोंदियाच्या आमच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांची ओपीडी बुधवारी असायची. तिथल्या सिस्टरबाई पेशंटचं नाव विचारायच्या आधी हे विचारायच्या, तेही त्याच्या पावलांकडे बघत. मी औषधाच्या खिडकीत बसायचो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आधी बाईंनाच तपासून घ्यावं!

रांगेचा नियमही त्यांचाच. "चप्पल रांगेत, मानूस मोकळा!" पेशंट व्हरांड्यात फेऱ्या मारायचे आणि चपला ओळीनं पुढे सरकायच्या. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, आत पंगत बसलीय. मला तो पसारा अजिबात खपत नसे.

एका बुधवारी बाई वॉर्डात अडकल्या होत्या. तिरोड्याकडची एक तिशीची बाई खिडकीशी आली. एक पाय उचल, दुसरा टेक, मागे जा, पुढे ये. मी खेकसलो, "अहो, एका जागी उभं राहता येत नाही का?" ती रडायलाच लागली.

नवरा भला माणूस, पण पार टेकीला आलेला. "साहेब, बिमारी वाढली हिची. जेवता जेवता उठते, घरभर फिरून राह्यते. डॉक्टरनं गोळी वाढवली. यानं नाही जमलं तर माहेरी नेऊन सोडतो. लेकरं माझी माय पाहील."

लेकरांचं नाव निघालं तशी ती आणखीच जोरात फिरायला लागली. मी गोळ्या काढल्या. तेवढ्यात सिस्टरबाई आल्या.

"थांब भाऊ, देऊ नोको."

त्यांनी तिचं कोपर धरलं आणि तिच्यासोबत चालू लागल्या. दोन फेऱ्या नुसत्याच. मग विचारलं, "डोस्क्यात हाय का पायात?"

"पायात, माय! डोस्कं बरं हाय माझं. कानातले आवाज बंद झाले. पायच बसू नाही देत."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"कोनी इचारलंच नाही."

खिडकीत बसलेल्या माणसाला हे पुरतं ऐकू आलं. काय सांगू, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरबाई चिठ्ठी घेऊन थेट डॉक्टरांसमोर. "सर, बिमारी नाही, गोळीचा तरास हाय. दोन मिनिटं तिच्यासंग चाला." बाहेर गर्दी ही एवढी! पण डॉक्टर उठले, तिच्यासोबत चालले, तिच्याशी बोलले. परत येऊन त्यांनी वाढवलेली गोळी खोडली, आधीची कमी केली आणि पायांच्या तगमगीसाठी एक वेगळी लिहून दिली.

मग बाईंपुढे नवऱ्याची पाळी. "चालून राह्यली म्हनून बायको माहेरी सोडतं का कोनी? अन् गोळी आपल्या मनानं बंद केली तर पाह्यजो! बुधवारी तिले घेऊनच ये."

तो दर बुधवारी घेऊन आला. भाताच्या रोवणीच्या दिवसांत एकदा ती शेतातल्या बांधीतून तशीच आली, पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल. खिडकीशी उभी राहिली. मी मुद्दाम गोळ्या सावकाश मोजल्या. पाय हलले नाहीत.

"पाह्यलं का भाऊ?" सिस्टरबाई पलीकडून ओरडल्या. "दिवसभर रोवना लावून राह्यली माझी पोरगी!" एवढ्या खूश तर त्या स्वतःच्या बढतीच्या दिवशीही नव्हत्या.

पुढे त्या रिटायर झाल्या. नव्या सिस्टर कडक. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बाकांवर बसवलं. एक म्हातारे काका सारखे उठत होते आणि सिस्टर त्यांना सारख्या खाली बसवत होत्या. तेव्हा तीच तिरोड्याची बाई उठली. काकांच्या चपला काढून तिनं रांगेत ठेवल्या आणि त्यांचं कोपर धरलं.

"काका, डोस्क्यात हाय का पायात?"

काकांनी चालता चालता डोळे पुसले.

"हे काय चाललंय?" नव्या सिस्टरनी मला विचारलं.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. अभिमानानं म्हणालो, "राहू द्या सिस्टर, इथला नियम आहे."