मागची ओळ

पनवेलच्या कोळीवाड्यात लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारणी मात्र वेळेवर लागतात. धवले गाऊन देवांना आणि घरच्या मेलेल्या माणसांना मांडवात बोलवायचं काम त्यांचं. गाणाऱ्या दोघी. एक पुढची ओळ टाकते, दुसरी मागची उचलते. पुढची भामा, मागची तिची धाकटी जाऊ रंभा. लग्नघरचा निरोपही 'भामारंभाला सांगा' असाच यायचा, जणू एकाच बाईचं नाव.

रंभा नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूने आवाज चढवला की तिची दातखीळ बसायची. भामाने तिला शेजारी बसवून गायला लावलं. म्हणाली, "मी पुढं हाय, तू नुसती मागून ये." रंभा मग जन्मभर मागूनच आली. बाजारात भाव भामाने सांगायचा, मासळी रंभाने कापायची. तुला पापलेट आवडतं की बोंबील, असं कुणी विचारलं तर रंभा आधी भामाकडे बघायची. याला माया म्हणा नाहीतर गुलामी म्हणा. दोघींना त्यात वावगं दिसत नव्हतं, तेव्हा इतरांनी नाक खुपसायचं कारण नव्हतं.

यंदा माघात भामा गेली. रंभा रडली नाही. मासळीबाजारातल्या ओट्यावर ती डावी बाजू मोकळी सोडून बसू लागली. कुणी भाव विचारला की तिची मान डावीकडे वळायची, जरा वेळ तिथेच राहायची, आणि मग ती आकडा सांगायची. गिऱ्हाइकं चुळबुळत शेजारच्या ओट्याकडे सरकायला लागली.

वैशाखात भामाच्या नातीचं, रियाचं, लग्न निघालं. रियाचा बाप, भामाचा मुलगा मिथुन, विचुंब्याला फ्लॅटमध्ये राहतो, पण देवक आणि हळद कोळीवाड्यातल्या घरीच करायची ठरली. उरणहून दुसरी जोडी आणतो, असं त्याने काकीच्या कानावर घातलं. रंभा एकदम ताठ झाली. नातीच्या लग्नात परकी बाई गाणार असेल, तर मी या घरात कोण म्हणून राहू, असं तिने विचारलं. मिथुनच्या बायकोने, कीर्तीने, चाचरत म्हटलं की काकी, पुढची ओळ कोण टाकणार? रंभाला प्रश्नच कळला नाही.

हळदीच्या दुपारी मांडवात तांदळाचा चौक घातला, दिवा लावला, डीजे बंद करायला लावला. रंभा चौकापुढे बसली, डावीकडे हातभर जागा सोडून. ती थांबली. बायका वाट बघत राहिल्या. मग तिने सूर लावला:

"...ये गो मांडवात, पाटावर बस."

आणि पुन्हा थांबली. भामाची ओळ जेवढी लांब, नेमकी तेवढीच. पुन्हा मागची ओळ. पुन्हा थांबली. ज्या बायकांच्या कानांत हे धवले बाळपणापासून मुरलेले होते, त्यांना त्या रिकाम्या जागेतही गाणं ऐकू यायला लागलं. एकेकीची नजर त्या हातभर जागेकडे जाऊन परत येऊ लागली. पाटावरची रिया घाबरून आईला चिकटली.

घोटाळा निराळाच होता. ज्याला बोलवायचं त्याचं नाव पुढच्या ओळीत असतं. मांडवात आमंत्रणं चालली होती, नाव कुणाचंच नव्हतं.

शेजारच्या म्हाताऱ्या रेवाने डोक्यावरचा पदर घट्ट धरला. "रंभे, नाव घे गो. बिननावाचं कोणपन येल."

रंभाने पुन्हा मागचीच ओळ उचलली. शेवटी मिथुन तिच्यापुढे उकिडवा बसला.

"काकी, आईचं नाव घे."

"तिला कशाला बोलवू? ती हाय की इथं."

"नाय, काकी. आई नाय."

इतक्या महिन्यांत हे तिला तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. सगळे जपत होते. जपण्याने माणसाचं किती नुकसान होतं, ते असं. रंभाने डोळे मिटले. बराच वेळ तिचे ओठ नुसते हलत राहिले. मग ओळ आली:

"भामा गो बाय, नात तुजी हळदीला बसली..."

आवाज जाड, किंचित घोगरा, शेवटच्या शब्दाला घाई करणारा. रंभाचा आवाज तसा कधीच नव्हता. मिथुन उठून दोन पावलं मागे सरला. रेवाने हात जोडले.

मागच्या ओळीसाठी रंभा थांबली, भामा थांबायची तशी. कुणी ती उचलली नाही. तिने मान वळवून बघितलं. डावीकडे नाही, उजवीकडे. जिथे रंभा बसायची. तिथे कुणी नव्हतं.

पुढच्या ओळी तिला सगळ्या आल्या. देव, सासूसासरे, सगळी नावं घेतली गेली. लग्न झालं, आणि काकी सावरली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता ती ओट्यावर खणखणीत भाव सांगते. गिऱ्हाइकं परत आली आहेत. आवडीचं विचारलं की पापलेट म्हणते, लगेच. पापलेट भामाला आवडायचं. रंभा म्हणून हाक मारली तर मात्र चटकन ओ देत नाही.

डावी बाजू ती हल्ली सोडत नाही. उजवी सोडते.