सोसायटीच्या होडीला रंग देताना

आमच्या सोसायटीत लिफ्ट नाही, बाग नाही, पाहुण्यांच्या गाड्यांना जागा नाही. पण होडी आहे. चांगली फायबरची, सहा माणसं बसतील एवढी. मालाडमध्ये कुणाला हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "अहो, पण कशाला?" त्यांना म्हणावं, या एकदा पावसाळ्यात आमच्याकडे, भरतीची वेळ बघून.

सोसायटी म्हणजे पुढे दोन चारमजली बिल्डिंगी आणि त्यांच्या मागे, नाल्याला चिकटून, सहा बैठी घरं. कमिटी बिल्डिंगीत राहते. आम्ही बैठ्या घरात. काही वर्षांपूर्वी नाल्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा माझ्या सासूबाई तीन तास जेवणाच्या टेबलावर उभ्या होत्या. एका हाताने बंद पंख्याची दांडी धरलेली आणि दुसऱ्या हातात देवघरातला बाळकृष्ण. आमच्या दारापासून बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत मोजून चाळीस पावलं, पण मधल्या गटारांची झाकणं उघडलेली असतात आणि पाण्याखाली ती दिसत नाहीत. त्या प्रकारानंतर जनरल बॉडीत मी उभी राहून इतका आरडाओरडा केला की मंडळींनी मला गप्प बसवायला ठराव करून होडी घेतली. ठराव काय, कुणीही करतं. होडी सांभाळायची कशी, ते ठरावात नव्हतं.

पुढची काही वर्षं पाणी पायरीपर्यंत यायचं आणि परत जायचं. होडी पंपरूमसमोर पडून. तिच्यात कुरडया वाळल्या, मांजर व्यायली, वॉचमनने दुपारच्या झोपा काढल्या. दसऱ्याला मात्र तिचा मान असायचा. सगळ्यांच्या गाड्यांबरोबर तिलाही झेंडूचा हार, कुंकवाचं बोट, आणि चमकावी म्हणून आमचे सेक्रेटरी स्वतः तिला खोबरेल तेल चोळायचे. नवऱ्या मुलाला चोळतात तसं, दोन्ही हातांनी. आपली गाडी पुसून उरलेलं पॉलिशही तिलाच. उन्हाने आधीच फिकट पांढरी पडलेली होडी ते सगळं गपगुमान पीत राहिली.

मग एके वर्षी डेंग्यूच्या तपासणीला माणूस आला. होडीत साचलेलं पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या. सोसायटीला नोटीस. तातडीची मीटिंग झाली आणि दुसऱ्याच दिवशी ड्रिल मशीन आणून प्रश्न निकालात काढला. होडीच्या तळाला चार भोकं पाडली! पाणी साचायला नको म्हणून. मी तेव्हा गावाला गेले होते. परत आल्यावर सेक्रेटरींनी मला ती भोकं इतक्या कौतुकाने दाखवली की दोन मिनिटं माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि हे माझ्या बाबतीत फारसं होत नाही, नवऱ्याला विचारा.

गेल्या वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वय शहाऐंशी. ऑपरेशन झालं, पण उभं राहणं संपलं. बिल्डिंगमध्ये चार महिने भाड्याने खोली घेऊया म्हटलं तर ऐकेनात. यंदा वैशाखातच त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांचं माहेर मालवणकडचं, अगदी समुद्राला लागून, वडिलांची स्वतःची लाकडी होडी होती. म्हणाल्या, "ह्या वर्षी माका टेबलार उभी करू नको गो. उभी ऱ्हवाक जमाचा नाय. होडयेतसून ने."

मी 'हो' म्हटलं आणि तडक सेक्रेटरींकडे गेले.

"रंगच द्यायचाय ना, वहिनी? आपला बिल्डिंगचा पेंटर आहे की. अर्ध्या दिवसाचं काम. झकास करून देतो." खरंच दिलं त्याने अर्ध्या दिवसात करून. भोकांत भिंतीला लावतात ती पुट्टी भरली, वरून ग्रीलचा उरलेला ऑइल पेंट फासला. पंधरा दिवसांत रंगाचे पापड सुटायला लागले. मी केसांतली पिन काढून पुट्टीत खुपसली तर पिन आरपार.

"अहो, ही पुट्टी पाण्यात विरघळेल," मी म्हटलं.

"वहिनी, पाण्यात कोण नेतंय तिला?"

हे सेक्रेटरींचं उत्तर. होडीबद्दल. माझं डोकं असं सणकलं की काय सांगू. "मी नेणार आहे," म्हटलं, "माझ्या सासूला बसवून नेणार आहे. आजपासून ह्या होडीला कमिटीतल्या कुणी हात लावायचा नाही." त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला अजून आठवते.

चौकश्या करत मढच्या कोळीवाड्यात गेले आणि तिथला एक म्हातारा कारागीर शोधून काढला. उभा जन्म होड्या दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. तो आला, रंगाचे पापड खरवडून खालच्या फायबरवर तळवा फिरवला, पांढरी भुकटी माखलेला हात मला दाखवला. फायबरच्या वर एक गुळगुळीत थर असतो, जेलकोट म्हणतात त्याला. तो उन्हाने मेला की अशी भुकटी होते आणि त्यावर काही धरत नाही. मग त्याने मगभर पाणी होडीवर मारलं. पाणी पसरलं नाही, अळूच्या पानावर होतात तसे थेंब थेंब होऊन घरंगळलं. म्हाताऱ्याने थेंबांवरून बोट फिरवलं आणि बोटं एकमेकांवर चोळून बघितली.

"बाय, हिला त्याल कोनी चोपरलं?"

मी दसऱ्याची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की शेवटी मला त्याला पाणी आणून द्यावं लागलं. मग मात्र सरळ बसून एकच गोष्ट तीनदा बजावली. आधी साबणाने धुवायची, मग थिनरने तेल-मेण पुसून काढायचं, आणि पाणी टाकल्यावर ते सपाट पसरलं की मगच घासायला घ्यायचं. उलटं केलंत तर घासताना तेल आत शिरतं, मग वर सोनं लावा, निघून येणार. एवढं सांगून 'परवा येतो' म्हणून गेला.

आणि मी काय केलं? मी शहाणी! तेहतीस वर्षं विमा कंपनीत काढलेली बाई, मला कोण शिकवणार? जे घासूनच काढायचंय ते आधी धुवायचं कशाला, असा हिशेब करून मी दुसऱ्याच दिवशी पॉलिश पेपर आणला आणि एक अख्खी बाजू घासून ठेवली. खिडकीतून सासूबाई ओरडत होत्या, "आधी धू गो, आधी धू!" त्यांना म्हटलं, "आई, तुमची होडी लाकडाची होती, ही फायबरची आहे." म्हाताऱ्याने येऊन पाणी मारलं. घासलेल्या बाजूवर थेंब थेंब. त्याने खिडकीकडे बघून सासूबाईंना हात जोडले. ती बाजू पुन्हा धुऊन, पुसून, आणखी खोल घासण्यात आमचे दोन दिवस गेले.

फायबर घासण्याइतकं ओंगळ काम मी आयुष्यात केलं नाही. तोंडाला मास्क, डोक्याला ओढणी, हातात मोजे, तरी ती भुकटी गळ्यात उतरायची आणि रात्रभर अंगाला खाज. थिनर पुसताना चिंधी सतत बदलायची, नाहीतर इकडचं तेल तिकडे. माझ्या दोन नायटी आणि नवऱ्याचा आवडता बनियन त्यात खपला. नवरा संध्याकाळी ऑफिसातून यायचा, होडीकडे बघायचा, "छान चाललंय" म्हणायचा आणि आत जायचा. बिल्डिंगीतली मंडळी येता-जाता गॅलरीतून सल्ले द्यायची. एकाने तर विचारलं, "वहिनी, वास्तूच्या दृष्टीने होडीचं तोंड कुठे हवं?" मी म्हटलं, "पाण्याकडे."

चार भोकं म्हाताऱ्याने आतून-बाहेरून कड घासून, फायबरची मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, आणि रेझिन नावाची चिकट राळ थरावर थर देऊन बुजवली. पुढच्या टोकाला दोर बांधायची कडी हलत होती, तीही त्याने त्याच पद्धतीने अशी बसवली की म्हणाला, "होरी तुटंल, करी नाय निंगनार." मग प्रायमर. मग दोन डब्यांतलं एकत्र करून लावायचा तो होडीचा रंग, पातळ, तीन हात. रोलरने मी, मागोमाग कोरड्या ब्रशने तो. रंगावरून कमिटीची मीटिंग झाली, ती मी सांगत बसत नाही. आकाशी ठरला. मागच्या बाजूला कमिटी सदस्यांची नावं घालायची टूम निघाली होती, ती मात्र मी हाणून पाडली.

शेवटचा हात वाळला तेव्हा होडी अशी दिसत होती, अशी दिसत होती की मीच तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या. वरून पाणी सोडून पाहिलं, आत पाणी भरून पाहिलं, थेंब गळला नाही. खरं सांगते, मला रडू आलं. सासूबाईंना व्हीलचेअरवरून आणून दाखवली. त्यांनी बोटाच्या पेराने रंगावर टकटक केलं आणि विचारलं, "कधी बसवतस माका?"

"सात दिवस हात लावायचा नाही, आई. रंग पक्का व्हायचाय."

दुसऱ्या दिवशी कुणाची तरी सायकल होडीला टेकवलेली दिसली. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी गोधडी वाळत घातली. चौथ्या दिवशी सेक्रेटरी आपल्या पाहुण्यांना आत बसवून फोटो काढत होते, बुटांसकट! मी जे तोंड सोडलं ते दुसऱ्या गल्लीत ऐकू गेलं म्हणतात. त्याच दिवशी मी जाडजूड साखळी आणि सात लिव्हरचं कुलूप आणायला लावलं. साखळी होडीच्या कडीतून काढून पंपरूमच्या खांबाला बांधली. किल्ली पंपरूममध्ये खिळ्याला. 'हात लावू नये' अशी पाटीसुद्धा माझ्याच अक्षरात.

सात दिवस झाले. चौदा झाले. शेजारच्या सोसायटीतले लोक होडी बघायला यायला लागले. "वहिनी, तुम्ही केलंत?" मी, "छे हो, म्हाताऱ्याने केलं, मी आपली मदत," असं म्हणायची आणि ते पुन्हा विचारतील याची वाट बघायची. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "कुलूप काढ गो. होडी पाण्यात घालूची असता, बघूची नसता." मी म्हटलं, "राहू दे आई, चरे पडतील. पाणी यायला लागलं की काढू, किल्ली काय, समोरच आहे."

पाणी आलं ते श्रावणातल्या एका दुपारी, भरतीच्या वेळी, अर्ध्या तासात. नाला उलटा फिरला. मी सासूबाईंना पलंगावरून टेबलावर बसवेपर्यंत घरात गुडघाभर. नवरा ऑफिसात. मी काठी टेकत, झाकणं चाचपत पंपरूमपर्यंत गेले तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं. पंपरूमचं लोखंडी दार बाहेर उघडणारं. बाहेरून पाण्याचा रेटा. मी ओढलं, वॉचमनने ओढलं, गॅलरीतून पळत उतरलेल्या सेक्रेटरींनी ओढलं. दार बोटभरसुद्धा सरकलं नाही. साखळी कापायची करवतही आतच. कडी उपटावी म्हटलं, तर ती म्हाताऱ्याने बसवलेली!

आणि होडी तरंगत होती. काय सुंदर तरंगत होती! एक थेंब आत नाही. साखळी जाईल तेवढी आमच्या घराच्या दिशेने जायची आणि हिसका बसून परत यायची. आमच्या खिडकीपासून दहा पावलांवर. खिडकीत टेबलावर बाळकृष्ण हातात घेऊन बसलेल्या सासूबाई तिच्याकडे बघत होत्या.

शेवटी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सेक्रेटरी, वॉचमन आणि बिल्डिंगमधून उतरलेले आणखी दोघे अशा चौघांनी खांद्यावर उचललं. खुर्चीचा एक पाय सेक्रेटरींनी धरला होता आणि ते मी त्यांना आयुष्यभर मानेन. मी पुढे काठी टेकत वाट दाखवत होते. अर्ध्या वाटेत वॉचमनचा पाय उघड्या गटारात गेला. खुर्ची कलली, सासूबाई छातीपर्यंत पाण्यात बुडाल्या आणि पुन्हा वर आल्या. बाळकृष्ण हातातून सुटला. त्या ओरडल्या नाहीत. मीच ओरडले.

दम घ्यायला चौघांनी खुर्ची होडीच्या काठाला टेकवली. सासूबाई थरथरत होत्या, पातळ अंगाला चिकटलेलं. त्यांनी भिजलेला हात लांब करून होडीच्या आकाशी रंगावरून फिरवला, पुन्हा फिरवला.

"रंग बरो बसलो हा गो," मला म्हणाल्या.

टोमणा असता तर मी उलटून काहीतरी बोलले असते. त्यांनी मनापासून म्हटलं होतं.