वेलाफीची रिकामी सीट

...नाही गं, ते खोडू नकोस, राहू दे. मी बोलते तसंच लिही, नोक्वाझी. पेपरवाल्यांनी तुझ्या भावाच्या, मेंझीच्या बँडबद्दल पानभर लिहिलं, तिघांचे फोटो छापले, आणि वेलाफीचं नाव कुठे आहे? ‘एका नातेवाइकाच्या मृत्यूनंतर’ म्हणे. नातेवाईक! माझा पाठचा भाऊ होता तो. तुझ्या आईचा मामा, म्हणून तुम्ही पोरंही मामाच म्हणायचात. मला मेंझीला एक निरोप द्यायचाय, त्या गाण्याबद्दल. त्या गाण्यापायी माझा भाऊ अजून रस्त्यातच अडकलाय. पण नुसता निरोप दिला तर मेंझी हसेल, म्हातारी चळली म्हणेल. म्हणून आधी सगळं लिही. चहा मागाहून पी.

वेलाफी काही गरीब गाय नव्हता, हे आधी लिही. सतराव्या वर्षी एका लग्नात काठ्यांची झुंज लागली, त्यात यानं समोरच्याचं टाळकं असं फोडलं की तो पोरगा पुढे जन्मभर शब्द शोधत बोलायचा. मग आपल्या हॅमर्सडेलमध्ये दोन पक्षांची कापाकापी सुरू झाली. आपलं घर पेटवलं तेव्हा मी तुझ्या आईला पाठीशी बांधून मागच्या कुंपणावरून उडी टाकली, आणि हा पुढच्या दारात कोयता घेऊन उभा राहिला. किती जणांना लागलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्याचा कोयता मीच धुतला.

नंतर त्यानं टॅक्सी घेतली, सोळा सीटची. मागच्या काचेवर लिहून घेतलं, ‘घाई होती तर काल निघायचं’. आणि टॅक्सीवाल्यांची भांडणं तुला माहीतच आहेत, कुणी कुठल्या रस्त्यावर माणसं भरायची यावरून स्टँडवर मुडदे पडायचे. याला तीन गोळ्या लागल्या. एक दंडातून आरपार गेली, एक मांडीत राहिली ती राहिलीच, थंडीत दुखायची. एक उजव्या कानाला इतकी घासून गेली की तो कान गेला, डावाही अर्धामुर्धाच उरला. त्यानंतर एकदा मी भांडी घासत होते, तर मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “दोन.” एवढंच. मला कळलं, माणसं मोजतोय. मी म्हटलं, जेवून घे. मक्याचं फुथू आणि आंबट दूध पुढ्यात ठेवलं. त्यानं खाल्लं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

असा माणूस तुमच्या त्या गिटारीच्या धिंगाण्यात कसा शिरला? तर कानामुळे, बाई. चर्चमधलं गाणं त्याला ऐकू येत नसे, रेडिओही नाही. मेंझीनं माझ्या कोंबड्यांच्या पत्र्याच्या खोलीत ड्रम मांडले, गुगू गिटार घेऊन आली, साखिले ती जाड तारांची घेऊन आला, आणि तिघांनी मिळून जे काही सुरू केलं, त्यानं माझ्या कोंबड्या चार दिवस अंडी देईनात. शेजारची माखुमालो कुंपणावरून ओरडली, “अगं, जिवंत सोलताय का कुणाला आत?” आणि पत्र्यावर दगड भिरकावला. तेवढ्यात वेलाफी बाहेर आला. डोळे भरलेले त्याचे. मला वाटलं दगड लागला. तर म्हणतो, “ताई, मला ऐकू येतंय.”

त्या दिवसापासून तो त्यांचा ड्रायव्हर. बँडचं नावही त्याच्याच तोंडचं, ‘चार-चार’. टॅक्सीत एका ओळीत चौघांना कोंबताना ड्रायव्हर ओरडतात ना, तेच. मी म्हटलं, अरे तुम्ही तर तिघं, चौथा कोण? तर वेलाफी म्हणाला, “चौथा पेट्रोल भरतो.”

लोकांना कुठे आवडत होतं पहिल्यांदा. आपली पोरं म्हटली की लोक नाचायला येतात, आणि यांचं म्हणजे एक उदास, एक मोठ्ठं, मधेच थांबणारं. एका दारूच्या गुत्त्यात कुणीतरी गुगूवर बाटली फेकली. तिची भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती गात राहिली. वेलाफी गाडीतून चाकाचा पान्हा घेऊन आला आणि त्या माणसाचा जबडा मोडला. महिनाभरानं तोच माणूस यांच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत. जबडा तारांनी बांधलेला, आणि मान हलवतोय. गुगू म्हणायची, तो आमचा पहिला चाहता.

मग डंडी गावाहून बोलावणं आलं. मोठं मैदान, दहा बँड, जोहान्सबर्गचे लोक ऐकायला येणार. वेलाफीनं गाडी धुतली, मागच्या सीटांवर ड्रम रचले. मी गव्हाचा पाव भाजून दिला. थुकेला नदीचा पूल ओलांडला की तो रस्ता दुसऱ्या टॅक्सी-संघटनेचा, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. सवारी घेतली नाही तर कुणी हात लावत नाही. आणि नेमकी तिथेच, पुलापलीकडच्या चढावर, भर उन्हात एक म्हातारी उभी होती. डोक्यावर गॅसची टाकी, काखेत दोन कोंबड्या. गुगू म्हणाली, मामा, घेऊ या ना तिला. तो नाही म्हणाला. पन्नास पावलं पुढे गेला, आणि गाडी मागे घेतली.

तीस वर्षं टॅक्सी चालवलेल्या माणसानं ही चूक केली. पैसे घेतले नाहीत, पण ते बघणाऱ्याला कसं कळणार?

दोन वळणांनंतर तांबडी गाडी आडवी आली. तिघं उतरले. पुढचा होता त्यानं तसल्या उन्हात लोकरीची टोपी घातलेली. त्यानं वेलाफीला दाराबाहेर ओढलं, पिस्तुलाच्या दस्त्यानं तोंडावर मारलं, दोन दात तिथेच पडले. कुणाचा रस्ता आहे हा, म्हणून विचारलं. वेलाफी म्हणाला, तुमचा. ही वाजवणारी पोरं आहेत, सवारी नाही.

“आणि म्हातारी?”

“माझी आई आहे.”

टोपीवाला म्हातारीकडे वळला. “आई, तुमच्या लेकाचं नाव काय?”

ती बिचारी वेलाफीच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सिफो.” अर्ध्या देशाचं नाव सिफो. तिनं अंदाजानं सांगितलं गं.

मग त्यानं पोरांना सामान उतरवायला लावलं. वाजवणारे आहात ना, वाजवा म्हणाला. रस्त्याच्या कडेला, धुळीत. वीज नाही, त्यामुळे गुगूची गिटार माशी गुणगुणावी तशी. ऐकू येत होते ते मेंझीचे ड्रम तेवढे. वेलाफी गुडघ्यांवर, मान खाली, डावा कान पोरांकडे. टोपीवाल्यानं एक अख्खं गाणं ऐकलं. मग म्हणाला, “पोरं खरी आहेत. पण म्हातारीही खरीच आहे.” मेंझीला म्हणाला, थांबलास तर तुलाही. आणि माझ्या भावाच्या पोटात दोन आणि मानेत एक गोळी घातली.

मेंझी वाजवत राहिला. तांबडी गाडी टेकडीमागे गेली तरी वाजवत राहिला. गुगूला त्याचे हात धरावे लागले. म्हातारीनं आपली शाल वेलाफीच्या मानेवर दाबली होती, पण मानेचं रक्त शालीनं थांबतंय होय? कोंबड्या सुटून त्या रक्तातून पळाल्या, त्यांच्या पायांचे ठसे पार रस्त्यापलीकडे. हे मला गुगूनं सांगितलं. मेंझीनं आजवर एक शब्द सांगितलेला नाही.

आपण त्याला पुरलं, पण पुरलं म्हणजे घरी आला असं होत नाही. जो वाटेत मारला जातो तो तिथेच बसून राहतो. बोराची फांदी घेऊन जावं लागतं, त्याला सांगावं लागतं की चल, आणि घरापर्यंत त्याच्याशी बोलत आणावं लागतं, दुसऱ्या कुणाशी अवाक्षर न काढता. तुला माहीत आहे, पण लिही. आपल्या भाऊबंदांना जा म्हटलं, तर एकाचा पाय सुजला, दुसऱ्याला एकदम चर्च आठवलं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून परत यायचं तर त्याच लोकांच्या टॅक्सीनं. त्या रस्त्यावर दुसरी गाडीच नाही.

महिनाभर तोंड न उघडलेला मेंझी म्हणाला, मी जातो. बाकीच्यांशी बोलायला गुगू बरोबर गेली.

तिथे डाग अजून होता, म्हणाली ती. मेंझीनं फांदी त्यावर टेकवली आणि म्हणाला, मामा, चल घरी. मग टॅक्सीत बसले. गुगूनं तीन सीटचं भाडं दिलं, एक तिची, एक मेंझीची, एक मामाची. फांदी खिडकीपाशी ठेवली. गाडी भरली तसा ड्रायव्हर खेकसला, ती सीट कुणाची, सरक तिकडे. गुगू सांगायला वळली, तर मेंझी फांदीला म्हणाला, “मामा, ड्रायव्हर विचारतोय इथे कोण बसलंय.”

ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला. आणि मेंझी सांगत राहिला. मामा, थुकेलाचा पूल आला, खाली पाणी कमी आहे. मामा, मूई नदी गेली. मामा, उजवीकडे शेळ्या आहेत, ड्रायव्हर हळू घेतोय, तुझ्यापेक्षा बरा चालवतो.

ग्रेटाउनच्या स्टँडवर गाडी थांबली. बाहेरून कुणीतरी दार सरकवलं. लोकरीची टोपी. तो आत डोकावला, मेंझीला बघितलं, आणि मग फांदी दिसली त्याला. मेंझीचा आवाज जरासुद्धा हलला नाही. “मामा, दारात तोच आहे. आपण उतरायचं नाही.”

त्या माणसानं टोपी काढली गं. हातात धरली, आणि दार सरकवून हळूच लावलं. माणूस मारायला त्याला काही वाटलं नाही, पण मेलेल्याची वाट अडवायची छाती झाली नाही. पुढे वर्षाच्या आत त्यालाही कुणीतरी तसंच रस्त्यात गाठलं. मला वाईट वाटलं नाही, हेही लिही.

मारित्झबर्गला गाडी बदलली, सांज व्हायच्या आत घरी. आम्ही सगळे फाटकाशी गप्प उभे. मेंझी आत आला आणि म्हणाला, “मामा, पोचलो. उतर आता.” मी माझ्या कानांनी ऐकलं. बकरा कापला, फांदी घरात त्याच्या जागी ठेवली. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा धड झोप लागली.

आणि मग गुगूनं मेंझीच्या त्या बोलण्याचं गाणं केलं. माझ्या कोंबड्यांच्याच खोलीत, नव्यानं ड्रम लावून. रेडिओवर लागलं, जोहान्सबर्गला बोलावलं, आता म्हणे परदेशात गोरी पोरं छाती बडवून गातात. माखुमालोच्या घरातही वाजतं, दगड मारणारीच्या. चांगलं आहे. वेलाफीला ऐकू येईल इतकं मोठं आहे.

पण गाणं संपतं कुठे? ग्रेटाउनच्या स्टँडवर. ‘उतरायचं नाही, उतरायचं नाही’ असं हजार माणसं ओरडतात आणि ड्रम धाडकन थांबतात. पुढचं नाहीच. गुगूला विचारलं, तर म्हणाली, आजी, तिथेच लोक पेटतात. लोक पेटतात, बाई, पण माझा भाऊ? रोज कुठल्या ना कुठल्या गावी तुम्ही त्याला रस्त्यावरून उठवता, दोन नद्या ओलांडता आणि त्या मेल्या टोपीवाल्यासमोर बसवून ठेवता. गेल्या महिन्यात तीनदा स्वप्नात आला. तोंडात ते दोन दात नाहीत. म्हणाला, ताई, ही पोरं मला घरी का नेत नाहीत?

तर मेंझीला फोन लाव, आज लाव, हे लिहिलेलं सगळं वाचून दाखव. सांग, गाणं तुमचं, कितीही मोठ्यानं वाजवा, मी काही म्हणत नाही. पण शेवटी, टाळ्या पडल्या तरी चालतील, कुणी ऐकलं नाही तरी चालेल, माइकसमोर नको, ड्रमच्या मागे बसूनच म्हण म्हणावं. प्रत्येक वेळी. “मामा, पोचलो. उतर आता.” आजीनं सांगितलंय म्हणावं.