बिगरी काय काय उचलते!

चार मास्तर जमले, पानाचा डबा उघडला, की किस्से आलेच! माझे सगळे पळसदरीच्या शाळेतले. शाळा भरायची मारुतीच्या देवळात. हेडमास्तर नाना, हाताखाली मी, आणि बाहेरच्या आंब्यावर वानरं.

नाना पाढा सांगण्याआधी घसा खाकरायचे. बिगरीची चिमुरडीही सगळी मिळून आधी खाकरायची, मगच 'बे एके बे'! मी एकाला विचारलं, "हे कशाला रं?"

"गुरुजी, त्ये बी पाढ्यातलंच हाय ना?"

नानांना विंचवाची भारी धास्ती. भाकरीची पेटी उघडताना झाकणावर टकटक करायचे, फुंकर मारायचे, मग कडी काढायचे. एकदा त्यांनी बिगरीतल्या भागीला पेटी उघडायला सांगितली. तिची टकटक झाली, फुंकर चालली होती, तेवढ्यात रोज आंब्यावरून बघणारं एक वानर खाली आलं, त्यानं थेट कडी काढली आणि भाकरी घेऊन पसार!

नाना म्हणाले, "बघा, माझा हुशार विद्यार्थी झाडावर बसतो!"

दुसऱ्या दिवशी भागीची आई दारात. "मास्तर, पोर ताटावर टकटक केल्याबिगर घास घेईना. शाळंत अंगात बिंगात येतं का वो?" मी हसून घेतलं.

पण माझीही पाळी आलीच. मला तपकिरीची सवय. पोरं सुट्टीत शाळा-शाळा खेळत होती. माझं सोंग घेतलेल्या पोरानं चिमूटभर माती नाकाशी नेली, तो दणकून शिंकला आणि म्हणाला, "हां, कुठं होतो आपण?" नाना टाळ्या पिटत होते!

मग डिपोटीसाहेब तपासणीला आले. पोरं थोडी, तर शाळा बंद करून सगळ्यांना कर्जतला पाठवावं, असं वर घाटत होतं. बिगरीची पोरं एवढी चालणार कशी? त्यांची शाळाच सुटली असती. नाना पार खचले होते.

साहेब काहीही बोलले की नाना हात जोडून, "होय साहेब!" बिगरी बघतच होती. साहेब तिच्याकडे वळले.

"मास्तर रोज शिकवतात?"

"होय साहेब!"

"मारतात?"

"होय साहेब!"

"वर्गात झोपतात?"

"होय साहेब!"

नाना पांढरेफटक.

"नुसते पोपट आहेत! मग शाळा बंद करू?"

मी डोळे मिटून घेतले.

भागी ताडकन उठली. "नाय सायेब!"

लगेच अख्खी बिगरी ओरडली, "नाय सायेब!"

साहेब चमकले. नानांना म्हणाले, "काय मास्तर, बंदच करायची ना?"

नानांनी जोडलेले हात सोडले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "नाय सायेब!"