गाळातला झेंडू

बायकोला जाऊन काही महिने झाले होते, तेव्हा तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे आता चाळिशीची बाई, पण आमच्या घरात ती मुलगीच.

"काका, मॅडमनी घरी कापलेल्या गाळात झेंडू सापडलाय."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय, काका? तो थर काही हजार वर्षांपूर्वीचा आहे. झेंडू आपल्याकडे बाहेरून आला, तोही अलीकडे."

बायकोचं काम असं होतं. खाडीच्या तळात पाइप खुपसून गाळ वर काढायचा, त्याचे पातळ काप करायचे आणि त्यातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. फूल कुजतं, परागकण टिकतो. खाडीकाठची तिवराची झाडं किती, गवत किती, यावरून तेव्हा पाऊस कसा होता, समुद्र कुठवर होता, हे ती सांगायची. शेवटचा पाइप काढला त्या दिवशी मीही होडीत होतो. होडीवाला तिला म्हणाला होता, "वयनी, चिखलच पायजे होता तं आमच्या दाराशी काय कमी हाय?" ती मोठ्याने हसली होती.

मग आजारपण आलं. प्रयोगशाळेत जाणं थांबलं आणि पाइप आमच्या विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजच्या खालच्या खणात, कोथिंबिरीशेजारी येऊन राहिला. काप ती जेवणाच्या टेबलावर करायची.

मुलीने नीट समजावलं. कदाचित खेकड्याच्या बिळातून वरचा गाळ खाली गेला असेल. मग थर मिसळलेले, म्हणजे सगळा पाइप फेकायचा, मॅडमचं शेवटचं काम वाया. किंवा झेंडू घरातच सुरीला नाहीतर हाताला लागला असेल. मग आतली माती चांगली. पण त्या थराची माती एका तपासणीपुरतीच उरली होती. "ती वापरायच्या आधी विचारते. तुम्ही घरात होतात. काही आठवतंय?"

मला पुष्कळ आठवत होतं, पण कुठलं कधीचं ते लागत नव्हतं. दसऱ्याला मी टेबलावर पुस्तकांची पूजा करतो. ती कधी करत नसे. "माझ्या सुरीला फूल वाहू नकोस हं, खाडीत झेंडू उगवेल," असं ती दर वर्षी म्हणायची. ती आजारी होती त्या वर्षीही म्हणाली का? माझी पुस्तकं टेबलाच्या एका टोकाला होती हे नक्की. दुसऱ्या टोकाला तिचा गाळ होता, की तो दिवाळीनंतर आला? फुलांचा वास आठवतो, पण तो शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाचाही असेल.

मी तिच्या सामानाचा खण उघडला. सुरी स्पिरिटने पुसलेली, कापडात गुंडाळलेली होती. लाकडी मुठीच्या फटीत काहीतरी लाल दिसलं. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. कुंकू असेल. गंजही असेल. माझा हात तिच्या सुरीला कधी लागला नव्हता, निदान मला तसं वाटतं. मग कुंकू असलंच, तर ते तिनेच लावलं म्हणायचं? तिने?

"मला सांगता येत नाही," मी मुलीला कळवलं. सुरीबद्दल बोललो नाही. काय बोलणार ते ठरेना.

रविवारी ती नवीन पातं घेऊन आली. आधी तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यावरचा झेंडूचा हार उतरवून गॅलरीत नेऊन ठेवला आणि साबणाने हात धुतले. तिने फ्रिजमधला पाइप काढून त्या थराचा वरचा पापुद्रा खरवडून टाकला, आतला काप डबीत भरला.

पंधरवड्याने निरोप आला. आत झेंडू नाही, तिवरच तिवर. थर शाबूत आहेत. मॅडमचं काम छापायला जाईल.

मला फार बरं वाटलं. मग संध्याकाळभर टेबलाशी बसून राहिलो. झेंडू बाहेरून लागला, म्हणजे या घरातून. माझ्या पुस्तकांवरून की तिच्या हातून, हे सांगणारं आता कोणी नाही.

दसरा जवळ आला आहे. सुरी अजून कापडातच आहे. तिला फूल वाहायचं की नाही, हे काही ठरत नाही.