तेलमावशीकडे पाठ करून बसलेल्या बाया

‘काय झालं?’ असं तेलमावशी कधी कुणाला विचारायची नाही. मोताळा तालुक्यातल्या एका गावात सहा वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण हा प्रश्न तिच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. माझं शिक्षण, माझी पदवी आणि माझं छापील रजिस्टर मात्र त्याच प्रश्नापासून सुरू व्हायचं.

मी समुपदेशक. बायकांच्या मनाची दुखणी ऐकायला एका संस्थेनं मला नेमलं होतं. दर मंगळवारी मलकापुरातून एसटीनं जायचे. समाजमंदिरामागच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि दारावर ठळक पाटी : ‘मानसिक आरोग्य समुपदेशन कक्ष’. पहिले दोन महिने समोरच्या खुर्चीवर फक्त मांजर बसलं. बाया पाटी वाचायच्या, पदर सावरायच्या आणि पाय उचलायच्या. त्या खुर्चीवर बसलेली बाई संध्याकाळपर्यंत गावभर येडी ठरली असती, हे मला सोडून सगळ्यांना कळत होतं.

मग संस्थेनं मदतीला गावातलीच एक बाई दिली. साठी उलटलेली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य काढलेली. ‘जयभीम मॅडम’ म्हणत आली, पाटी वाचली आणि तोंडाला पदर लावून हसली. पुढच्या मंगळवारी तिनं बाहेर ओसरीवर गोणपाट टाकलं, तेलाची बाटली आणि फणी काढली आणि रस्त्यानं जाणारीला हाक मारली, “ये वं, केस पाह्य कसे झाले तुहे!” अर्ध्या तासात तिच्यापुढे तीन बाया. तेलमावशी हे नाव मीच ठेवलं, आणि ते कौतुकानं ठेवलं नव्हतं.

बाई तिच्याकडे पाठ करून बसायची. मावशी तेल चोळायची आणि तुरीवरची अळी, आठवडी बाजारातली वांगी, कुणाच्या म्हशीचं रेडकू असं काहीबाही बोलायची. मध्येच कधीतरी बाईचा आवाज बदलायचा. मावशीचे हात थांबायचे नाहीत. “हाव माय,” आणि “मंग?” एवढंच ती म्हणायची. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, “मावशी, समोर बसवून, नजरेला नजर देऊन बोलायचं असतं.”

“डोयाले डोया देऊन बाई भांडते, मॅडम,” ती म्हणाली. “रडाले तिले पाठच करा लागते.”

माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. मी आत रिकाम्या खुर्चीसमोर बसायचे आणि कान खिडकीकडे. तिला प्रशिक्षण नाही, अशी बारीकशी तक्रारही मी वर करून पाहिली. त्याच आठवड्यात तिनं एका ओल्या बाळंतिणीला हाताला धरून मागच्या दारानं माझ्याकडे आणलं. पोरगी पंधरा दिवस झोपली नव्हती आणि विहिरीच्या गोष्टी करत होती. “हिले डाक्तर लागते. हे माह्या तेलाचं काम नाही,” मावशी म्हणाली. मी त्याच दिवशी तिला बुलढाण्याला नेलं. औषधं सुरू झाली, पोरगी सावरली. अहवालात मी मावशीचं नाव लिहिलं नाही. विसरले नव्हते.

मग बाबा गेले आणि माझी आई गप्प झाली. झोप नाही, जेवण नाही. मी रोज विचारायचे आणि ती रोज म्हणायची, “काई नाही वं, कायचं काय होते मले!” घरी एकटी ठेवायची भीती वाटू लागली म्हणून एका मंगळवारी सोबत नेलं. दुपारी खिडकीतून पाहिलं तर आई मावशीपुढे पाठ करून बसलेली, पांढरे केस मोकळे आणि सगळं अंग हुंदक्यांनी हलतंय. परत येताना एसटीत ती गाढ झोपली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण थोडंच. बाकी नुसता जळफळाट.

पुढच्या वेळी मी मावशीला गाठलं. “आई काय बोलली?”

“तिलेच इचारा.”

“मी तिची मुलगी आहे, मावशी!”

“मनून तं तुमाले नाही सांगतलं,” फणीतले केस काढत ती म्हणाली. “लेकीपुढं मायले धड दिसा लागते.”

त्यानंतर दोन वर्षं आई दर मंगळवारी माझ्याआधी तयार होऊन बसायची. जेवायला लागली, हसायला लागली. काय सांगायची, ते मला कधीच कळलं नाही.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत मावशी गेली. सकाळी चहा प्यायली आणि बसल्या जागी मान टाकली. आम्ही मायलेकी पोचलो तेव्हा बाया वेचणी टाकून आलेल्या, अंगण भरलेलं. बाबांच्या वेळी आई मोठ्यानं रडली नव्हती. इथे तिनं मावशीच्या पायाशी बसून हंबरडा फोडला, “आता मी कोनाले सांगू वं, माय!”

त्या मयतीतही मला मावशीचा हेवाच वाटला. मी आईला अगदी खेटून बसले होते. तिचा हात माझ्याच हातात होता.