कानसेनांचा मुका कन्व्हर्टर

पलंगभर वाळलेले कपडे पडले होते. निम्म्यांच्या घड्या झाल्या होत्या, निम्मे तसेच ढिगात. आणि घड्या घालणारे गृहस्थ उशीचा अभ्रा खांद्यावर टाकून बैठकीच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसले होते. "आलोच हं," म्हणून ते उठले, त्यानंतर घरात चहासुद्धा होऊन गेला.

घरात यांना कानसेन म्हणत. सगळी नोकरी छापखान्याच्या खडखडाटात झाली. त्यापायी उजव्या कानाला दाराची घंटा ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी येत नाही, बायकोची हाक तर मुळीच नाही. पण निवृत्त होताच त्याच कानाला दोन तारांच्या आवाजातला फरक कळू लागला. देवाची करणी आणि नारळात पाणी!

डिस्क प्लेअर जुना. साध्या तारांनी वर्षानुवर्षं बिनतक्रार वाजत होता, हाच त्याचा गुन्हा. म्हणून कानसेनांनी कन्व्हर्टर आणला. प्लेअरने डिस्कवरचे आकडे नुसते पुढे धाडायचे, त्यांचा आवाज कन्व्हर्टर करणार. आकडे पोचले की डब्यावर हिरवा दिवा लागतो. सध्या तिथे लाल दिवा लुकलुकत होता आणि घरात न मागता शांतता नांदत होती.

एरवी ती सगळ्यांना चालली असती. पण सूनबाईचे दिवस भरत आले होते आणि तिला तो कोपरा पाळण्यासाठी हवा होता. "बाबा, आज संध्याकाळी आईंच्या प्रार्थनेच्या बायका यायच्यात. तुमचं यंत्र वाजलं तर कोपरा तुमचा. नाही वाजलं, तर ते माळ्यावर." सासऱ्यांनी ऐटीत मान डोलावली होती.

आता तीच मान टेबलाखाली होती. तार काढून लावली. टोकं बदलून लावली. नवी आणली, तीही मुकी. कन्व्हर्टरचा खटका सगळीकडे फिरवून परत जागेवर आणला. शेवटी तो बनवणाऱ्या कारखान्याचा उद्धार केला. त्यानेही दिवा हिरवा होईना.

बायको पोथी मिटून बाहेर आली. "अहो, पूर्वीच्या तारा लावा ना. वाजत होतं की छान."

"त्यात प्राण नव्हता."

"आत्ता आहे वाटतं?"

कानसेनांनी प्लेअरला लावलेल्या तारेचं मोकळं टोक तिच्यापुढे धरलं. "ही साधी तार नव्हे. हिच्यातून लाल उजेड जातो."

तिने वाकून पाहिलं. "अंधार आहे."

"म्हणजे हीसुद्धा खराब!"

"दोन्ही कशा खराब निघतील? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या प्लेअरच्या भोकात बघा आधी."

बघितलं. तिथेही काळोख. आणि कानसेनांना एकदम आठवलं.

मागे कुठेतरी त्यांनी वाचलं होतं की बाहेर आकडे धाडणारी वाट उघडी असली तर प्लेअरचा आवाज मळतो. झालं! शुद्धतेचा झटका आला, त्यांनी ती वाट रिमोटवरून बंद केली आणि जेवताना जाहीर केलं, "आवाज आरशासारखा झाला!" पुढे त्याच बंद वाटेच्या तोंडाशी हौसेने कन्व्हर्टर आणून बसवला.

सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी रिमोट दाबला. भोकात लाल उजेड आला. तार जोडली, दिवा हिरवा झाला आणि खोलीभर प्रार्थनेचे सूर पसरले.

संध्याकाळी बायका डोळे मिटून ऐकत राहिल्या. "अगंबाई, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो!" एकजण म्हणाली. कानसेनांची छाती सदऱ्यात मावेना.

बायका गेल्यावर सूनबाईने विचारलं, "बाबा, काय बिघडलं होतं हो?"

'तार' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण समोर देवाची तसबीर होती आणि तसबिरीशेजारी बायको.

"काही नाही. मीच बंद करून ठेवलं होतं."

सूनबाई पोट धरून हसली. "असू दे. वाजलं ना? कोपरा तुमचा." आणि खुर्चीचा हात धरून जड अंगाने हळूच उठली.

कानसेनांनी तिच्याकडे पाहिलं. "पाळणा इथेच लाव गं. वारा येतो. मला भिंतीवर एक फळी पुरे."

"पाळण्याच्या डोक्यावर नको हं," बायको म्हणाली. "तुमची शुद्धता बाळाच्या टाळूवर पडायची."

"समोरच्या भिंतीला."

सकाळी भिंतीचं माप घेऊन कानसेन सुताराकडे फळी सांगायला गेले.